ब्रह्मांडाच्या पलीकडे काय?





गेल्या कार्तिकीच्या आधी कुर्डुवाडीस एका मंदिरात आमची कीर्तनसेवा झाली. पंढरीस जाणारी पुष्कळ मंडळी गाडीच्या सोयीने येथे उतरतात, त्यामुळे मंडप भरला होता. निरूपणात 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' हे पद आले, आणि बोलण्याच्या भरात मी छातीठोक सांगितले की, आमच्या ज्योतिषशास्त्राने ब्रह्मांडाचा परीघ योजनांत मोजून ठेवला आहे, व आजच्या शास्त्रज्ञांना आता कुठे तेच माप हाती लागत आहे. टाळ वाजले, मंडळी डोलली, मलाही बरे वाटले.

कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घ्यावयास एक मुलगी आली. बार्शीस कॉलेजात शास्त्र शिकते. नमस्कार करून म्हणाली, "महाराज, तो आकडा आणि आजचा आकडा खरोखर एकच आहे का? आणि ब्रह्मांडाला परीघ असेल, तर परिघाच्या बाहेर काय?" मी म्हणालो, "पोरी, अशा गोष्टी श्रद्धेने ऐकाव्यात, फार खोदू नये." ती काही बोलली नाही. पण तिची ती खाली गेलेली मान पंढरपुरापर्यंत माझ्याबरोबर आली. पाठशाळेत आम्हांस गुरुजींनी शिकविले होते की शंका घेणारा हा शास्त्राचा शत्रू नव्हे. पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून सिद्धांताला तोंड उघडता येत नाही. आणि मी तर पूर्वपक्षालाच घरी पाठविले!

परत आल्यावर पोथ्या काढल्या, मराठीतली विज्ञानाची पुस्तके आणली, जाणत्यांना विचारले. जे समजले ते, त्या मुलीस द्यावयाचे राहिलेले उत्तर म्हणून, येथे देतो.

आकडा कोठून आला?

सूर्यसिद्धांतात आकाशकक्षेचा, म्हणजे ब्रह्मांडाच्या वेढ्याचा, परीघ 18,71,20,80,86,40,00,000 योजने दिला आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली 'सिद्धांतशिरोमणी' रचला, त्यात हाच आकडा थोड्या फरकाने 18,71,20,69,20,00,00,000 योजने असा येतो. आकडा पाहून छाती दडपते. पण तो काही कोणी ब्रह्मांडाभोवती दोरी लावून घेतलेला नाही. त्याची रीत अशी: चंद्राची कक्षा 3,24,000 योजने. एका कल्पात, म्हणजे 432 कोटी वर्षांत, चंद्राच्या फेऱ्या भास्कराचार्यांच्या मते 5775 कोटी 33 लाख. या दोहोंचा गुणाकार करा, नेमका वरचा आकडा येतो. मी पाटीवर करून पाहिला. यामागे गृहीत असे की सर्व ग्रह सारख्याच वेगाने चालतात, आणि कल्पभरात प्रत्येकाची चाल सारखीच भरते.

आता योजन म्हणजे किती? सूर्यसिद्धांत पृथ्वीचा व्यास 1600 योजने मानतो. आज तो सुमारे 12,740 किलोमीटर भरतो. म्हणजे एक योजन जवळजवळ आठ किलोमीटर. त्या हिशेबाने चंद्राचे अंतर सव्वाचार लाख किलोमीटरांच्या आत येते. आजचे माप सरासरी 3,84,400. पाहा, दुर्बीण नसताना केवढे जवळ पोहोचले! येथे आपल्या आचार्यांना साष्टांग नमस्कार करावा. पण त्याच रीतीने सूर्य काढला तर 55 लाख किलोमीटरांवर येतो, आणि तो खरा आहे 15 कोटी किलोमीटरांवर, सत्तावीसपट लांब. असे का झाले? चंद्र मोजलेला होता. सूर्य मात्र सारख्या वेगाच्या गृहीतावरून काढलेला होता, आणि ते गृहीत खरे नव्हते. ग्रह सारख्या वेगाने चालत नाहीत.

मग त्या ब्रह्मांडाच्या परिघाचे काय? आठ किलोमीटरांचे योजन धरले तर परीघ सुमारे 16 हजार प्रकाशवर्षे, व्यास सुमारे 5 हजार. प्रकाश एका सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. वर्षभरात तो जेवढा जाईल ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. आणि रात्री जो दुधाळ पट्टा दिसतो, ती आपली एकटी आकाशगंगाच सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. म्हणजे ज्याला मी अवघे ब्रह्मांड म्हणून मंडपात मिरविले, ते आपल्याच आकाशगंगेच्या एका कोपऱ्यात मावते. मुलीची शंका रास्त होती. माझे विधान चुकीचे होते.

आचार्यांचा मोठेपणा

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चूक उमगल्यावर मी सिद्धांतशिरोमणीतला तो भाग पुन्हा वाचला. पाठशाळेत पाठ केला होता, पण अर्थ आता लागला. आचार्य तेथे म्हणतात की, या मापाला कोणी ब्रह्मांडाच्या कढईचा वेढा म्हणतात. कोणी पौराणिक त्याला लोकालोक पर्वत म्हणतात. आणि ज्यांना खगोल हातावरील आवळ्यासारखा स्पष्ट आहे ते म्हणतात, सूर्याचे किरण जेथवर अंधार दूर करतात तेथवरची ही मर्यादा. एवढे सांगून स्वतःचे मत देतात: ब्रह्मांड एवढे असो वा नसो, एका कल्पात ग्रह जेवढी योजने चालतो तेवढ्याला पूर्वाचार्यांनी हे नाव दिले, इतकेच आमचे म्हणणे.

'असो वा नसो'! ज्याने गणित केले तो म्हणतो असो वा नसो, आणि ज्याने नुसते पाठांतर केले तो मी म्हणतो, तेच आहे! याच आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. असा वारसा ज्या महाराष्ट्रात आहे, तेथे गादीवरून बोलणाऱ्याने तरी जपून बोलावे.

शिवाय पुराणाचे माप वेगळे आहे. भागवत ब्रह्मांडाचा विस्तार पन्नास कोटी योजने सांगते, त्यावर एकाहून एक दसपट मोठी आवरणे सांगते, आणि अशी अगणित ब्रह्मांडे परमाणूंसारखी असल्याचे सांगते. पुराण आणि सिद्धांत यांचे आकडे जुळत नाहीत, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, आणि त्यावाचून त्यांची भक्ती अडली नाही.

आज काय मोजले आहे?

आता आजचा पक्ष ऐका. दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास, निरभ्र रात्री, गावाच्या दिव्यांपासून दूर माळावर जावे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी डोक्यावर भाद्रपदा नक्षत्रांच्या बाजूस बोटाने पुसल्यासारखा एक अंधुक ठिपका साध्या डोळ्यांना दिसतो. ती देवयानी दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखा दुसरा प्रचंड तारकासमूह, 25 लाख प्रकाशवर्षांवर. आज जो उजेड तुमच्या डोळ्यांत शिरतो तो 25 लाख वर्षांपूर्वी तेथून निघालेला आहे. लांबच्या गावाहून आलेले पत्र जसे लिहिले त्या दिवसाची हकीकत सांगते, आजची नव्हे, तसेच हे. जितके लांब पाहावे तितके जुने दिसते.

अशा दीर्घिका अगणित. आणि त्या एकमेकींपासून दूर जात आहेत, असे 1927 साली लमेत्र यांनी व 1929 साली हबल यांनी दाखविले. दूर जातात म्हणजे आपण मध्यभागी आहोत असे नव्हे. दृष्टांत घ्या. दिंडीत वारकरी दोन-दोन हातांवर चालले आहेत. चोपदाराने खूण केली, आणि जेवढ्या वेळात एक अभंग होतो तेवढ्यात प्रत्येक दोघांतले अंतर चार हात झाले. तुमच्या शेजारचा दोन हातांवर होता तो चारवर गेला. दहावा वीस हातांवर होता तो चाळीसवर गेला. म्हणजे जो जितका लांब तो तितका वेगाने दूर जाताना दिसतो, आणि दिंडीतल्या प्रत्येकाला हेच दिसते. विणेकऱ्याला वाटेल मी मध्यभागी, मागच्या म्हातारीलाही वाटेल मी मध्यभागी.

हे अंतर उलट मोजत मागे गेले की सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी सारे अतिशय दाट व तप्त होते असे येते. आरंभी विश्व तापलेल्या धुक्यासारखे होते, त्यातून प्रकाश सरळ जाऊ शकत नव्हता. सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी ते निवळले आणि प्रकाश मोकळा झाला. तोच उजेड आता थंडावून सर्व दिशांनी मंद लहरींच्या रूपाने आपल्याकडे येत असतो; 1965 साली पेंझियस व विल्सन या दोघांनी तो ओळखला. प्रकाशाने याहून जुने पाहता येत नाही. आणि तो उजेड वाटेत असताना वाटच लांबत गेली, म्हणून जेथून तो निघाला ती जागा आज सुमारे 4600 कोटी प्रकाशवर्षांवर आहे. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाचा काठ तो हाच.

हे काम परदेशातच होते असे समजू नका. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी मिळून एक महादुर्बीण झाली आहे. 880 कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजन वायूतून निघालेली क्षीण खूण तिने टिपल्याचे 2023 साली जाहीर झाले. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील व त्यांच्या सहकारी संशोधकांनी 2017 साली मीन राशीच्या दिशेस, 400 कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक अवाढव्य समूह दाखविला व त्याला सरस्वती हे नाव दिले.

काठ कोणाचा?

आता काठ म्हणजे काय ते पाहू. कुर्डुवाडीच्या माळावर उभे राहिले की दीड कोसावर आकाश जमिनीला टेकलेले दिसते. तेथे जमीन संपते काय? तेथे चालत गेले तर क्षितिज आणखी दीड कोस पुढे. आणि तेथे उभ्या असलेल्या गुराख्याला आपण उभे आहोत तीच जागा क्षितिजावर दिसते. क्षितिज जमिनीचे नसते, पाहणाऱ्याचे असते.

विश्वाचा 4600 कोटी प्रकाशवर्षांचा काठ तसाच आहे. तेथे भिंत नाही, कडा नाही, पाटी नाही. तेथून पलीकडचा प्रकाश आपल्यापर्यंत अजून आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. सूर्याचे किरण जेथवर पोहोचतात तेथवर मर्यादा, असे एक मत आचार्यांनी नोंदविले होते, त्यातली दृष्टी येथे आठवते. मात्र आकडा जुळला असे म्हणण्याचा मोह पुन्हा नको. आणि एक गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. विश्व फुगतच आहे, म्हणून आज सुमारे 1600 कोटी प्रकाशवर्षांहून लांब असलेल्या दीर्घिकांतून आज निघणारा उजेड आपल्याकडे कधीच पोहोचणार नाही. त्यांचे जुने पत्र हातात आहे. आजचे पत्र कधी यावयाचे नाही.

पलीकडे काय?

येथे तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

पहिली पायरी: या काठाच्या लगेच पलीकडे काय? याचे उत्तर अनुमानाने देता येते. धूर पाहून अग्नी ओळखावा तसे. सर्व दिशांना, जेथवर पाहिले तेथवर, मोठ्या प्रमाणावर विश्व सारखेच आहे. म्हणून पलीकडेही अशाच दीर्घिका, असेच तारे असावेत. आणि तेथल्या कोणी पाहणाऱ्याचा काठ वेगळा असेल. त्या काठावर कदाचित आपण असू.

दुसरी पायरी: अवघे विश्व केवढे? याचे दोन पक्ष. एक, ते अनंत आहे. मग काठ नाही, पलीकडेही नाही. दुसरा, ते सांत आहे पण त्याला कडा नाही. हे कसे? पंढरीची प्रदक्षिणा करताना रस्ता कोठे संपतो? संपत नाही, फिरून महाद्वारी येतो. पृथ्वीचा पृष्ठभागही असाच; मोजता येतो, पण त्यास कडा नाही. विश्व असे वळलेले असेल काय, हे पाहण्याची एक युक्ती आहे. सपाट अंगणात त्रिकोण काढला तर तीन कोनांची बेरीज दोन काटकोन. पण पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत मोठा त्रिकोण काढला तर तिन्ही कोन काटकोन होऊ शकतात. शास्त्रज्ञांनी त्या प्राचीन उजेडाच्या साहाय्याने विश्वातला महात्रिकोण तपासला. मोजमापाच्या बारकाईपर्यंत तो सपाट भरला. म्हणजे विश्व वळलेले असलेच, तर दिसणाऱ्या भागापेक्षा ते फारच मोठे आहे. दोन पक्षांतला निवाडा अजून झालेला नाही.

तिसरी पायरी: आपल्या विश्वासारखी दुसरी विश्वे आहेत काय? तसा तर्क काही विद्वान करतात, त्याला गणिताचा आधारही देतात. पण ज्याची खूण येथवर येऊच शकत नाही त्याची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न उभाच आहे. 'अनंतकोटी ब्रह्मांडे' हे आपले पद घेऊन कोणी 'पाहा, शास्त्राने मान्य केले' असे म्हणू लागेल, तर तो माझीच चूक पुन्हा करील.

विद्वानांतही एकमत असतेच असे नाही. कोल्हापुरात 1938 साली जन्मलेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम केले. विश्वाला एका स्फोटाने आरंभ झाला हे त्यांना पटत नव्हते. 1965 नंतर बहुतेक जण त्या मताकडे गेले, तरी 1993 साली हॉईल व बर्बिज यांच्यासह त्यांनी निराळी उपपत्ती मांडली. बहुसंख्य विद्वानांनी ती स्वीकारली नाही. 'आयुका' 1988 साली स्थापन झाली तिचे ते संस्थापक संचालक. मराठीत त्यांनी आकाशाविषयी पुष्कळ लिहिले. 20 मे 2025 रोजी पुण्यास ते निवर्तले. त्यांचे मत बरोबर की चूक हा येथे प्रश्न नाही. सारे एकीकडे गेले तरी पुरावा मागत राहणे, ही गोष्ट शिकण्यासारखी.

अनवस्था

आता कोणी म्हणेल, "बुवा, हे सारे ठीक, पण शेवटी बाहेर काहीतरी असेलच ना?" पाहा, पोकळी आहे म्हणावे तर ती पोकळी कशात? भिंत म्हणावी तर भिंतीच्या पाठीमागे काय? जे काही पलीकडे ठेवाल, त्याच्याही पलीकडे विचारता येते. न्यायशास्त्रात या दोषाला अनवस्था म्हणतात.

भास्कराचार्यांसमोर असाच प्रश्न आला होता. पृथ्वी कशावर टेकली आहे? कोणी आधार सांगितला की त्याला दुसरा आधार, त्याला तिसरा. आचार्य म्हणाले, शेवटच्या आधाराला स्वतःची शक्ती मानावयाचीच आहे, तर ती पहिल्यालाच, पृथ्वीलाच का मानू नये? हाच तर्क आपण येथे लावून पाहू. कोणत्यातरी वस्तूला 'बाहेर' नाही असे शेवटी मानावेच लागते, तर ते विश्वालाच का मानू नये? तर्कसंग्रहात दिशा हे स्वतंत्र द्रव्य सांगितले आहे. अलीकडे-पलीकडे हा व्यवहार तिच्यामुळे होतो. जेथे अवकाशच नाही तेथे 'पलीकडे' हा शब्द कशाला चिकटावा? हा माझा तर्क आहे, मोजमाप नव्हे; तेवढ्याच किमतीचा समजावा.

तात्पर्य

पुढच्या एकादशीस त्याच मंदिरात पुन्हा सेवा होती. पूर्वरंगातच मी हात जोडून सांगितले की, मागच्या खेपेस मी सांगितलेला आकडा जुळत नाही, एका मुलीने ते दाखविले. मंडप गप्प झाला. नंतर एक जुने विणेकरी, माझ्या कीर्तनात चाळीस वर्षे उभे राहिलेले, जरा रागानेच म्हणाले, "महाराज, हे चुकले तर बाकीचे किती खरे धरायचे?" मला चटकन उत्तर सुचले नाही. आजही पुरते सुचलेले नाही. एवढेच म्हणालो, "दादा, जेथे मी आकडा सांगेन तेथे विचारून घ्या. जेथे नाम सांगेन तेथे तुम्हीच घेऊन पाहा." त्यांनी वीणा खाली ठेवली नाही, हे त्यांचे उपकार.

विश्वरूप पाहताना दिव्य दृष्टी मिळालेल्या अर्जुनालाही आदि, मध्य, अंत सापडला नाही, असे गीता सांगते. त्याने तो सापडल्याचा आव आणला नाही, आणि त्यावाचून त्याचे काही उणे झाले नाही. मग आपण कशाला आणावा? आपला विठ्ठल त्या काठाच्या पलीकडे, 4600 कोटी प्रकाशवर्षांवर, उभा आहे असे कोणत्याही संताने सांगितले नाही. तो विटेवर आहे. त्याच्यासाठी विश्वाला भिंत घालावी लागत नाही, की ती पाडावीही लागत नाही.

लहानपणी आई मला बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडीहून पंढरीस नेत असे. अडीच फुटांचे ते रूळ 1906 साली पंढरपुरास पोहोचले होते. आम्ही तेथेच उतरत असू, म्हणून माझी समजूत की पंढरपुराच्या पुढे काही नाही, रूळ तेथेच संपतात. एकदा उतरून मागे पाहिले तर गाडी शिट्टी देऊन पुढे निघालेली! रूळ 1927 सालीच मिरजेपर्यंत गेले होते. मी आईला विचारले, "पुढे काय आहे गं?" ती म्हणाली, "मला नाही ठाऊक बाळा, मी गेले नाही कधी. विचारू या कोणाला तरी."

त्या मुलीला मी हेच सांगावयास हवे होते.

रामकृष्णहरि.